परीक्षेची हिरवी बनात चोरीला जाते

मी बोलतेय. इकडेतिकडे काय बघताय? खाली बघा, तुमच्या कोपरांखाली. मी हिरवी बनात, तोंडी परीक्षेच्या टेबलावर अंथरतात ती. जाड, लोकरी, चारही बाजूंनी गुडघ्यापर्यंत लोंबणारी. लोलँड बेटावरच्या आमच्या या शाळेत साठहून जास्त वर्षं तोंडी परीक्षा माझ्यावरच होतात. पुस्तकं बदलली, मुख्याध्यापक बदलले, खिडक्यासुद्धा बदलल्या. मी मात्र जिथे होते तिथेच आहे. मधले दोन महिने सोडले तर. आणि त्या दोन महिन्यांचंच तर मला सांगायचंय.

पण आधी माझं कूळ ऐका, नाहीतर तुम्हाला वाटायचं, आली कुठल्यातरी स्वस्त दुकानातून.

माझी लोकर जटलंडच्या मेंढ्यांची. गिरणीत मला विणलं, गरम पाण्यात घालून कुटलं, मग हिरव्या रंगाच्या हौदात चांगलं बुडवून काढलं. तागा मोठा होता. अर्धा बंदरावरच्या खानावळीनं बिलियर्डच्या टेबलासाठी घेतला आणि उरलेला अर्धा शाळेनं. म्हणजे माझी सख्खी बहीण पलीकडे बंदरावर. तिच्या अंगावरून चेंडू घरंगळायचे, लोक खो खो हसायचे, आठवड्यातून दोनदा बिअर सांडायची. आणि माझ्या नशिबी काय, तर घामेजलेले तळहात! मला तिचा हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू?

वर्षातले बरेचसे दिवस मी कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात. परीक्षा जवळ आली की एगॉन मला बाहेर काढतो. एगॉन म्हणजे शाळेची सगळी देखभाल बघणारा माणूस. नळ, दिवे, कुलपं, गवत, सगळं त्याच्याकडे. बोलणं कमी. दिवसाला चार शब्द बोलला तर त्यातले दोन स्वतःशीच. पण मला तो उन्हात टाकतो, झटकतो आणि ब्रशनं माझी लव एका दिशेला बसवतो. इतक्या निगुतीनं माझं दुसऱ्या कुणी काही केलेलं नाही.

मग टेबलावर मी, माझ्यावर पालथ्या घातलेल्या चिठ्ठ्या, पाण्याचा जग आणि परीक्षकांची कॉफी. एका बाजूला शिकवणाऱ्या बाई, शेजारी दुसऱ्या गावाहून आलेला परीक्षक आणि समोर एकटं पोर. चिठ्ठी उचलायची, तिच्यावर जो विषय निघेल त्यावर वीस मिनिटं इंग्रजीत बोलायचं. झालं. मी काही म्हणजे काही करत नाही, नुसती पडलेली असते. तरी पोरं आत आली की बाईंकडे बघत नाहीत, परीक्षकाकडे बघत नाहीत. माझ्याकडे बघतात आणि पांढरीफटक पडतात. परीक्षेला बसायचं असं आमच्याकडे कुणी म्हणतच नाही, ‘हिरव्या टेबलाशी बसायचं’ म्हणतात. आता बोला!

या दराऱ्याची मला मजा वाटायची, हे कबूल करते. एखादी चिठ्ठी हळूच घडीखाली ओढून घ्यायची, मग बाई मोजतायत, परीक्षक टेबलाखाली वाकलाय, पोराचा जीव टांगणीला लागलाय, असले उद्योगही मी केलेत. म्हातारपणी दुसरी करमणूक काय असते?

माणसं तर मी हातांवरूनच ओळखते. अभ्यास केलेलं पोर हात मांडीवर ठेवतं. न केलेलं माझी कड कुरतडतं. माझ्या एका कोपऱ्याचे धागे असे पंधरा-वीस पिढ्यांनी उपटलेत. आणि जी मुलं दोन्ही तळहात माझ्यावर सपाट टेकवून गप्प बसतात, त्यांना सगळं येत असतं पण तोंडातून शब्द फुटत नसतो.

टिल्डे त्यातली.

नववीतली पोरगी. उंच, केस आखूड, बुटांच्या नाड्या कायम सुटलेल्या. शाळा सुटली की ती कॉम्प्युटरवर स्कॉटलंडच्या कुठल्या कुठल्या पोरांबरोबर खेळायची आणि त्यांच्याशी इंग्रजीत अशी कचाकचा भांडायची, की ती पोरं म्हणे माघार घ्यायची. वर्गातही तिचं तोंड बंद नसायचं. पण एप्रिलमध्ये सराव परीक्षेसाठी मला अंथरलं, टिल्डे समोर येऊन बसली आणि तिची दातखीळच बसली. वीस मिनिटांत तिनं दोनदाच तोंड उघडलं. एकदा ‘हो’ आणि एकदा ‘माफ करा’.

समोर बोडिल होती. बोडिल म्हणजे इंग्रजीच्या बाई. तेव्हा चोवीस वर्षं शिकवत होती. वक्तशीर, कामाची, आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की बसली.

“अगं टिल्डे, वर्गात तर कानठळ्या बसवतेस. आज काय झालं तुला?”

“ते कापड,” टिल्डे पुटपुटली. “त्याच्याकडे बघितलं की घसा मिटतो माझा.”

“कापड आहे ते. चावतं का?”

“तू त्याच्या या बाजूला बसून बघ एकदा.”

बोडिलनं उसासा टाकला. “हे बघ, ही सरावाची होती म्हणून सोडते. आमच्यात गुण उणे तीनपासून बारापर्यंत असतात, तुला माहितीय. आज मी तुला शून्य दिलं असतं. तुझ्या त्या नाविक शाळेला तोंडी इंग्रजीत निदान चार लागतात, आणि ते बरोबरच आहे. भर समुद्रात समोरून जहाज येतंय आणि तू त्याला काय सांगणार, ‘माफ करा’?”

टिल्डेचे डोळे भरून आले. जहाजावर जायचं हे तिनं सहाव्या वर्षीच ठरवलेलं होतं. तिचे आजोबा जहाजावर होते. त्या शाळेशिवाय तिला दुसरं काही नकोच होतं.

दोन दिवसांनी एगॉननं मला नुकतंच कपाटात ठेवलं होतं. कपाटाशेजारी जुन्या पडद्यांचा ढीग पडला होता, कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकायला काढलेला. तेवढ्यात कुणीतरी त्याला हाक मारली, मुलींच्या न्हाणीघरात नळ फुटलाय म्हणून. एगॉन धावला. किल्ली कपाटालाच. टिल्डे पोहण्याच्या तासाहून येत होती. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि मला उचलून पिशवीत कोंबलं. ओल्या टॉवेलखाली! साठ वर्षांचा माझा मान, आणि क्लोरीनच्या वासात, कुणाच्या तरी पोहण्याच्या टोपीला नाक लावून माझी वरात निघाली.

घरी तिनं मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलं. अक्सेल आजोबा बटाटे सोलत होते. चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर आचारी होते ते.

“हे कुठून आणलंस?”

“उसनं आणलंय.”

“दिलं कुणी?”

“दिलं नाही कुणी.”

“मग त्याला उसनं म्हणत नाहीत, पोरी.”

“आजोबा, ऐक तर! रोज याच्यासमोर बसले की भीती मोडेल माझी. आठवड्यात परत ठेवते, शप्पथ. कुणाला कळणारपण नाही. तू परीक्षक हो.”

“मी? मला कुठलं आलंय इंग्रजी? मला फक्त भाजी घेता येते आणि भांडता येतं.”

“चालेल.”

आजोबांनी ओले हात पुसले, चष्मा चढवला आणि माझ्या पलीकडे बसले. टिल्डे अलीकडे. तळहात माझ्यावर सपाट. मी मनात म्हटलं, आता बसा दोघं रात्रीच्या जेवणापर्यंत.

आजोबा एकदम टेबलावर थाप मारून इंग्रजीत ओरडले, “हे कांदे? हे कांदे आहेत? सडलेत सगळे!”

टिल्डे दचकली.

“आणि भाव तर बघा! लिव्हरपूलला यापेक्षा चांगले मिळतात! चोर आहेस तू! तुझा बापही चोर!”

“माझा बाप मध्ये आणायचं काम नाही!” टिल्डे ताडकन म्हणाली. इंग्रजीत. “आणि कांदे आज सकाळचे आहेत. डोळे तपासून घ्या तुमचे!”

मग दोघंही थांबले. टिल्डेनं माझ्याकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि ती हसत सुटली. माझ्यासमोर हसणारी पहिलीच मुलगी ती. मला काय वाटावं तेच मला कळेना.

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता माझ्यावर बाजार भरायचा. कधी कांदे, कधी मासे, एकदा तर एक आजारी बोकड. आजोबा परीक्षक म्हणून महाभयंकर होते. व्याकरण नाही, ताळतंत्र नाही, नुसता तोंडाचा पट्टा. टिल्डे त्यांना दुरुस्त करायची, समजावायची, खोडून काढायची. हळूहळू खरे विषयही आले: शाळा, हवामान, प्रवास. बोलता बोलता ती माझ्यावर कोपरं टेकायची, पाव खायची. कधी दमली की माझ्यावरच गाल ठेवून डोळे मिटायची. इतक्या वर्षांत माझ्यावर कुणी गाल ठेवला नव्हता.

पण आठवडा उलटला, दुसराही उलटला, आणि मी काही परत गेले नाही. कारण मध्येच टिल्डेच्या आईनं घोळ घातला.

दोर्ते तिचं नाव. वृद्धाश्रमात नर्स आहे, तिच्या पाळ्या उलटसुलट, त्यामुळे आमचा चारचा बाजार तिच्या गावीही नव्हता. एक दिवस ती लवकर घरी आली आणि दारातच थबकली.

“अय्या! हे कापड कुठलं?”

टिल्डे छताकडे बघायला लागली. आजोबा बटाट्याकडे.

“माझ्या वाढदिवसाला आणलंत ना? मला कळायच्या आत लपवायचं होतं ना? वेडे कुठले!” तिनं दोघांना जवळ घेतलं. “खरी लोकर आहे ही. इतकं सुंदर कापड या घरात आजवर आलं नव्हतं.”

आता सांगा, अशा वेळी खरं बोलायची हिंमत कुणाला होईल? दोघांनी माना हलवल्या. मी तर फुलूनच गेले. सुंदर म्हणाली मला!

रविवारी वाढदिवसाचं जेवण. माझ्यावर मेणबत्त्या, हेरिंग मासा, काळा पाव, त्यावर पसरायला लिव्हरचं मऊ वाटण, आणि काचेच्या वाडग्यात व्हिनेगरमध्ये मुरलेले बिटाचे काप. मला वाटलं, आज माझी बहीण असती तर बघून जळाली असती. एवढ्यात दोर्तेची धाकटी बहीण ‘जरा बीट दे गं’ म्हणाली, वाडगा हातोहात निघाला, आणि मध्येच सुटला.

काय सांगू! लालभडक पाणी माझ्या छातीवरून वाहत गेलं. टिल्डे अशी किंचाळली, की पाहुण्यांना वाटलं कुणाला भाजलं.

संध्याकाळभर आजोबा माझ्यावर प्रयोग करत होते. आधी मीठ. मग सोडा. मग पांढरं व्हिनेगर, वर थोडी बिअरसुद्धा. निदान बिअर तरी एकदा चाखायला मिळाली! डाग काही गेला नाही. लालचा जांभळा झाला आणि चांगला ताटाएवढा पसरला.

“छान,” आजोबा मान तिरकी करून म्हणाले. “आपल्या बेटाचा नकाशा दिसतो.”

“आजोबा, मी मेले,” टिल्डे म्हणाली.

आणि शाळेत भलतंच चाललं होतं. ते मला टिल्डेच्याच तोंडून कळत गेलं. एके दिवशी तिनं पिशवी आपटली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“बोडिलनं कपाट उघडलं होतं आज. म्हणते, एगॉननं जुन्या पडद्यांबरोबर बनातही फेकून दिली. सगळ्यांसमोर बोलली त्याला. तो म्हणाला, ‘नाही फेकली.’ तर ती म्हणते, ‘मग काय, पाय फुटले तिला?’”

“मग एगॉन काय म्हणाला?” आजोबांनी विचारलं.

“काहीच नाही. तो कुठे बोलतो? त्यानं कपाटाचं कुलूप बदललं आणि गवत कापायला गेला.”

आजोबांनी सुरी खाली ठेवली. “टिल्डे, आजच नेऊन दे.”

“या डागासकट? आता सांगितलं तर बोडिल मला परीक्षेलाच बसू देणार नाही, आजोबा! परीक्षा होऊ दे. झाली की लगेच सांगते.”

“तोपर्यंत एगॉननं काय करायचं?”

त्या दिवशी आमचा बाजार भरला नाही. नंतरही भरायचा, पण आजोबा कांद्यांवरून पूर्वीसारखे ओरडेनासे झाले. टिल्डे चांगलं बोलायची, न अडखळता बोलायची, आणि बोलून झालं की डागावर ताटली ठेवून झाकायची. जणू डाग दिसला नाही म्हणजे तो नाहीच!

जून उजाडला. परीक्षेच्या सकाळी तिनं मला त्याच पिशवीत भरलं. बेत असा, की लवकर जायचं, मला कपाटाच्या दाराशी गुपचूप ठेवायचं आणि पळायचं. पण कपाटाशी एगॉन उभा! बिजागरीला तेल घालत होता. टिल्डे त्याच्याकडे न बघता पुढे निघून गेली. तिच्याबरोबर मीही थेट परीक्षेच्या खोलीत.

पिशवीची चेन अर्धी उघडी होती, त्यातून मी बाहेर बघितलं. आणि काय बघते! माझ्या टेबलावर माझ्या जागी बोडिलच्या बागेतल्या टेबलाचं मेणकापड. पिवळंधमक. त्यावर लिंबं छापलेली, पानांसकट! मी चिडले. इतकी चिडले, की पिशवीत माझी लव उभी राहिली.

टिल्डे बसली. चिठ्ठी उचलली. विषय निघाला: शहरातल्या बागा. सोपा होता. पण ती लिंबांकडे बघतच राहिली. दोन महिने माझ्यावर बोलायचा सराव केलेला, आणि समोर भलतंच काही. तिचे तळहात लिंबांवर सपाट टेकले. मी मनात म्हटलं, संपलं. गेली हिची नाविक शाळा.

परीक्षक दुसऱ्या गावचा, मॉगेन्स नावाचा, पिकल्या दाढीचा सज्जन माणूस. पोरीला जरा मोकळं वाटावं म्हणून तो इंग्रजीत म्हणाला, “लिंबं मोठी झकास आहेत.”

बोडिल शरमली. तीही इंग्रजीतच म्हणाली, “माफ करा हं. आमची खरी बनात होती, साठ वर्षांची. आमच्या एगॉननं ती कचऱ्यात फेकली आणि वर कबूलही करत नाही.”

टिल्डेनं मान वर केली.

“नाही,” ती म्हणाली. इंग्रजीत, खणखणीत. “एगॉननं फेकली नाही. मी चोरली.”

आणि तिनं पिशवीत हात घालून मला बाहेर ओढलं आणि लिंबांवर पसरलं. डागासकट.

बोडिलच्या हातातला कॉफीचा कप वरच्या वर राहिला. मॉगेन्सनं चष्मा पुसला, डागाकडे नीट बघितलं आणि पेन खाली ठेवलं. “सांग,” तो म्हणाला.

तिनं सांगितलं. नळ, किल्ली, ओला टॉवेल, आजोबा, कांदे, बोकड, आईचा वाढदिवस, बिटाचा वाडगा, मीठ, सोडा, बिअर. कुठे भूतकाळ घसरला, कुठे शब्द सापडला नाही तर हातांनी दाखवला, पण ती थांबली नाही. मॉगेन्स एवढा हसला की त्याच्या दाढीतून पावाचे कण माझ्यावर पडले. “आणि कांदे? शेवटी विकले की नाही?”

“विकले. पण त्यांनी फुकटात कोथिंबीर मागितली, ती मी दिली नाही.”

बोडिल मात्र हसत नव्हती. ती इंग्रजीतच म्हणाली, “मी एगॉनला सगळ्यांसमोर बोलले, तेव्हा तू तिथे होतीस. का गप्प बसलीस?”

टिल्डे थांबली. तिची बोटं माझी कड कुरतडायला लागली.

“घाबरले होते,” ती हळू म्हणाली. “मला जहाजावर जायचंय. वाटलं, खरं सांगितलं तर सगळं संपेल. रोज म्हणायचे, उद्या सांगू. एगॉन गवत कापत असला की मी लांबच्या वाटेनं घरी जायचे. ही काही सबब नाही. मी वाईट वागले.”

तिला बाहेर पाठवलं. आणि आता मी तुम्हाला जे सांगते ते फक्त मलाच माहीत आहे, कारण गुण ठरवताना खोलीत परीक्षक दोघं असतात आणि तिसरी मी.

“विषय होता बागा,” बोडिल म्हणाली. “बागेबद्दल एक अक्षर नाही.”

“कोथिंबीर झाली की.”

“मॉगेन्स!”

“बरं, विषय सोडला, त्याचे कापू. पण भाषेची परीक्षा आहे ना ही? पोरीनं गोष्ट सांगितली, वाद घातला, हसवलं, माफी मागितली. आणि तू जो प्रश्न विचारलास ना, त्याचं उत्तर मला माझ्या भाषेतसुद्धा देता आलं नसतं.”

“मग काय, चोरीला बारा द्यायचे?”

“बारा नको. आणि चोरीचे कापायला माझ्या तक्त्यात जागा नाही. ते तू बघ.”

बोडिलनं माझ्या डागाकडे बघितलं. मग म्हणाली, “सात.”

बाहेर व्हरांड्यात आमच्या रिवाजाप्रमाणे घरची माणसं हातात छोटे झेंडे घेऊन उभी होती. सात म्हटल्यावर आजोबांनी झेंडा असा हलवला, की शेजारच्याच्या कानात गेला. टिल्डेनं त्यांना मिठी मारली आणि ढसाढसा रडली. दोर्तेही रडायला लागली, आणि रडता रडता बोडिलच्या हातात मला बघून थांबली. “अगं बाई, माझं वाढदिवसाचं कापड इथे कसं?”

“घरी सांगतो,” आजोबा म्हणाले.

“चल,” बोडिल टिल्डेला म्हणाली. मला हातावर घेऊन ती पुढे निघाली, टिल्डे मागे.

एगॉन अजून कपाटाशीच होता. टिल्डेनं त्याला सगळं सांगितलं, आपल्या साध्या घरच्या भाषेत, त्याच्या डोळ्यांत बघून. एगॉननं मला घेतलं, उलगडलं, डागावरून अंगठा फिरवला. लव चुकीच्या दिशेला बसली होती, ती हातानं सारखी केली.

“कचऱ्याच्या पेटीत उतरलो होतो मी,” तो म्हणाला. “दोनदा. खरंच चुकून गेली की काय, म्हणून.”

आणि मग दोघंही बोडिलकडे बघायला लागले.

चोवीस वर्षं पोरांना बोलायला शिकवणारी ही बाई. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मान लाल झाली, मग कान लाल झाले. तिनं दोन्ही तळहात माझ्यावर ठेवले, सपाट. मी इतकी वर्षं ओळखते हो ते हात! मला एकदम तिची कीव आली. आतापर्यंत ती कायम माझ्या पलीकडच्या बाजूला बसायची ना.

एगॉन थांबला. त्याला घाई नव्हती.

“मी तुला विचारलंच नाही,” बोडिल शेवटी म्हणाली. एकेक शब्द ओढून काढावा तशी. “मी ठरवूनच टाकलं. आणि सगळ्यांसमोर बोलले. चुकलं माझं, एगॉन. उद्या शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर हेच पुन्हा सांगते.”

“हं,” एगॉन म्हणाला. मग माझी घडी घालत म्हणाला, “आत कॉफी उरलीय का?”

तिघं कॉफी प्यायला गेले. मी एगॉनच्या खांद्यावर.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. टिल्डे सध्या कुठल्यातरी समुद्रात आहे, मोठ्या जहाजावर. आजोबांना पत्र येतं, त्यात कांद्यांचे भाव असतात म्हणे. दोर्तेला दुसरं कापड मिळालं, निळं. लिंबं बागेत परत गेली, त्यांच्या जागी, जिथे ती शोभतात.

डाग गेला नाही. बोडिल म्हणाली होती नवीन बनात घेऊ, तर एगॉन म्हणाला, “नको.” आता दर जूनमध्ये पहिल्या पोराला आत बोलवण्याआधी बोडिल एकटीच येऊन बसते. पाण्याचा जग डागावर ठेवते. जरा वेळ बघते. मग जग उचलून बाजूला ठेवते.

आणि पोरं आत येतात, माझ्याकडे बघतात, आणि फस्सकन हसतात. “हाच का तो?” म्हणतात. गेला हो माझा दरारा, धुळीला मिळाला! पहिल्या वर्षी मला फार लागलं होतं ते. आता नाही लागत. आता तर वाट बघते कधी हसतायत त्याची, कारण हसलेलं पोर बोलायला लागतं.

तेव्हा तूही बस बाळा, अगदी या बाजूला. हात जिथे ठेवायचे तिथे ठेव, कड कुरतडायची तर कुरतड, माझी ना नाही. आणि बोल. चुकीचं बोललास तर फार तर इथे एक डाग पडेल.